पंच्याऐंशी वादक, एक टिंग

माणसानं नेहमी खरं बोलावं, पण सासऱ्यांच्या दिवाणखान्यात बसून बोलू नये. एवढं साधं शहाणपण मोजणीदारांना लग्नाच्या वेळी कोणी शिकवलं असतं, तर पुढचा सगळा घोळ टळला असता.

मोजणीदार म्हणजे जमिनी मोजणारे. सरकारी मोजणी कचेरीत त्यांची सत्तावीस वर्षं गेली होती. दोन शेजाऱ्यांमधली हद्द कुठून जाते हे सांगणं त्यांचं काम, आणि या कामात ‘साधारण’, ‘अंदाजे’, ‘असेल बहुधा’ असे शब्द वापरणारा माणूस एक तर कोर्टाच्या पायऱ्या झिजवतो, नाही तर मार खातो. त्यामुळे आहे ते आहे आणि नाही ते नाही, ही सवय त्यांच्या अंगात मुरलेली. ही सवय घेऊनच ते बावीस वर्षांपूर्वी, नवे जावई म्हणून, पहिल्यांदा सासरी जेवायला गेले होते.

सासरे एका मोठ्या वाद्यवृंदात नोकरीला होते. वादक म्हणून नव्हे. स्वरलिपीचे कागद सांभाळायचे. कार्यक्रमाआधी पंच्याऐंशी वादकांपुढे पंच्याऐंशी कागद ठेवायचे आणि कार्यक्रम संपला की तेवढेच मोजून परत घ्यायचे. पण एकदा, फक्त एकदाच, ट्रँगल वाजवणाऱ्याची दाढ सुजली आणि स्वरलिपी वाचता येणारा जवळचा माणूस म्हणून निर्देशकांनी यांनाच दंडाला धरून उभं केलं. अंगात कोणाचा तरी काळा कोट, एका हातात टांगलेला लोखंडी त्रिकोण, दुसऱ्या हातात काडी. त्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण झालं. सिंफनीच्या तिसऱ्या भागात सासऱ्यांचं एक टिंग होतं. सबंध आयुष्याची वाद्यकला तेवढीच.

जेवणं झाल्यावर सासऱ्यांनी कपाटातून कॅसेट काढली, फुंकर मारून लावली. तुताऱ्या, ढोल, व्हायोलिनं यांचा कल्लोळ उठला आणि सासरे बोट वर करून म्हणाले, “आता... आता... हां! ऐकलंत?”

“ऐकलं तर!” सासूबाई म्हणाल्या.

“काय टिंग आहे, बाबा!” मेहुणा म्हणाला.

मग सगळ्यांनी नव्या जावयाकडे पाहिलं.

“नाही,” मोजणीदार म्हणाले. “मला काही ऐकू आलं नाही. परत लावा बघू.”

तीन वेळा लावली. तिसऱ्या वेळी सासूबाईंनीही कबूल केलं की खरं सांगायचं तर त्यांनाही आजवर कधी ऐकू आलेलं नाही, पण ह्यांना बरं वाटतं म्हणून त्या मान डोलावतात. सासऱ्यांनी कॅसेट डबीत घातली, डबी कपाटात ठेवली आणि जावयाला बडीशेप दिली. कॅसेट पुन्हा कधी बाहेर आली नाही. बावीस वर्षांत सासरे त्याबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. चार शब्द सुनावले असते तर मोजणीदारांना झोप लागली असती. पण बडीशेप देणाऱ्या माणसाची माफी कशी मागतात, हे त्यांना आजतागायत समजलं नव्हतं.

आणि आता मेहुण्याचा निरोप आला. त्या जुन्या कार्यक्रमाच्या मूळ ध्वनिफिती कुठल्याशा तळघरात सापडल्या होत्या. त्या काळच्या कोणा हौशी माणसानं वाजवणाऱ्यांसमोर माईक लावले होते ते लावलेच, पण सभागृहाच्या मागच्या बाजूलाही लावून ठेवले होते. त्या सगळ्यांतून धुऊनपुसून आता पाच बाजूंनी ऐकू येणारी, अतिशय बारीक तपशिलाची फाईल तयार झाली होती आणि ती इंटरनेटवरून उतरवून घेता येत होती. निरोपाखाली मेहुण्यानं लिहिलं होतं, “दाजी, आता तरी ऐकू येईल का?”

मोजणीदारांनी कॅलेंडर पाहिलं. येत्या रविवारी सासऱ्यांना ऐंशी वर्षं पूर्ण होत होती. कानाच्या डॉक्टरांनी त्यांच्या उजव्या कानाची आशा सोडली होती आणि डाव्याबद्दल ‘बघू’ म्हणाले होते. डॉक्टर ‘बघू’ म्हणाले की आपण थांबू नये, एवढं मोजणीदारांनाही कळत होतं.

“रविवारी चार वाजता आईबाबांना आपल्याकडे बोलाव,” त्यांनी बायकोला सांगितलं. “ते टिंग मी त्यांना ऐकवणार आहे.”

“आणि नाहीच ऐकू आलं तर?” बायको म्हणाली.

“तर मी म्हणेन, आलं.”

हा माणूस खोटं बोलायला तयार झाला म्हणजे प्रकरण गंभीर आहे, हे बायकोनं ओळखलं.

फाईल उतरवायच्या आधी संकेतस्थळानं विचारलं, आपण माणूस आहात का? मोजणीदारांनी होय म्हटलं. त्यावर पुरावा म्हणून नऊ चौकोनांचं एक चित्र आलं. ज्या चौकोनांत सिग्नल दिसतो ते निवडा. आता दुसरा कोणी असता तर दोन चौकोनांवर बोट ठेवून मोकळा झाला असता. पण सिग्नलचा खांब हा सिग्नलचाच भाग धरायचा की नाही? आणि खालच्या चौकोनात दिव्याची दोन मिलिमीटर कड आली आहे, ते अतिक्रमण मानायचं की नाही? मोजणीदारांनी स्क्रीनला फूटपट्टी लावली. सात वेळा उत्तर दिलं, सातही वेळा ते चुकीचं ठरलं आणि शेवटी आपण यंत्र आहात असा निर्णय होऊन त्यांना चोवीस तासांसाठी हाकलून देण्यात आलं.

“यंत्र!” ते बायकोला म्हणाले. “सत्तावीस वर्षं नोकरी केली, पण कचेरीतसुद्धा तोंडावर कोणी असं म्हणालं नव्हतं.”

“पाठीमागे म्हणत असतील,” बायको म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी तिनं भाजी निवडता निवडता एका हातानं ते चित्र सोडवून दिलं.

फाईल अवाढव्य होती. ती हळूहळू उतरू लागली. मोजणीदारांनी वहीत रकाने आखले आणि दर अर्ध्या तासानं किती टक्के झाली याची नोंद सुरू केली. गुरुवारी सकाळी अठ्ठ्याण्णव टक्के झाले. त्यांनी समाधानानं वहीखाली सही ठोकली आणि कचेरीला निघताना, धूळ बसू नये म्हणून, लॅपटॉपचं झाकण हळुवारपणे बंद करून वर रुमालही घातला. झाकण मिटलं की लॅपटॉप झोपतो आणि हा लॅपटॉप झोपेतून उठला की आधीचं काही आठवत नाही, हे त्यांना संध्याकाळी समजलं. वहीत पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात झाली.

तोवर त्यांनी स्पीकरचं काम हाती घेतलं. वीजसामानाच्या दुकानदारानं रविवारपुरते पाच स्पीकर, यंत्र आणि घुमणारा एक जाडजूड खोका दिला.

“हे पाच चित्रात दाखवल्याप्रमाणे ठेवा,” दुकानदार म्हणाला. “खोका काय, कुठेही ठेवा.”

“कुठेही म्हणजे कुठे?”

“कुठेही म्हणजे कुठेही, साहेब.”

हे उत्तर मोजणीदारांना जन्मात पटण्यासारखं नव्हतं. त्या ‘कुठेही’पायी त्यांनी खोका एकवीस ठिकाणी ठेवून पाहिला. विसाव्या ठिकाणी तो असा काही घुमला की खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्याच्या खुर्चीत आ करून बसलेला रोगी, अजून यंत्र लावलंही नसताना, ते लागलं अशा समजुतीनं गळ्यातल्या फडक्यासकट पळून गेला. दंतवैद्य तावातावानं वर आले. पण खोका बघितल्यावर त्यांचा राग विरघळला. त्यांना या विषयातलं सगळं कळत असे. तसं ते इमारतीत सगळ्यांनाच कळत असे. दंतवैद्य म्हणाले भिंतींना गाद्या लावा. शेजारच्या शिकवणीच्या बाई म्हणाल्या गाद्या नकोत, पडदे काढा. दंतवैद्य म्हणाले पडदे काढलेत तर आवाज बाहेर जाईल. बाई म्हणाल्या, जाऊ दे की, आम्हालाही ऐकू येईल. उंटावरचे शहाणे दोघेच होते, पण दिवाणखाना केवढासा, त्यात दोन उंट फार होतात.

मोजणीदारांनी मात्र कोणाचं ऐकलं नाही. त्यांनी खडूनं जमिनीवर रेघा मारल्या, कोपऱ्यांना खुंट्या म्हणून औषधाच्या बाटल्या उभ्या केल्या, कोनमापक लावला आणि दिवाणखान्याची रीतसर मोजणी केली. चित्रात समोरचे तीन स्पीकर वरच्या बाजूला दाखवले होते, मागचे दोन खालच्या. नकाशात वरची बाजू म्हणजे उत्तर. ही गोष्ट मोजणीदारांना इतकी पाठ होती की आणखी काही असू शकतं, हा विचार त्यांच्या डोक्याला शिवलाही नाही. त्यांनी होकायंत्र काढलं, उत्तर शोधली आणि समोरचे तीन स्पीकर उत्तरेच्या भिंतीला लावले. उत्तरेच्या भिंतीत घराचं दार होतं. टीव्ही दक्षिणेला. मग अर्थातच सोफा फिरवून दाराकडे तोंड करून ठेवावा लागला.

“अहो, टीव्हीच्याच बाजूला समोरचे लावले असते तर?” बायकोनं विचारलं.

“ती दक्षिण आहे,” मोजणीदार म्हणाले आणि विषय संपला.

त्यानंतर दोन दिवस जो कोणी दार उघडी, त्याला समोरच सोफ्यावर एक कुटुंब मुलाखत घ्यायला बसल्यासारखं दिसे. पेपरवाल्यानं तर चप्पल काढून नमस्कारच केला.

एवढ्यावर भागलं असतं, पण सोसायटीचे सेक्रेटरी जिन्यात भेटले. मोठ्या आवाजाला परवानगी लागते, तीन प्रतींत अर्ज द्या. मोजणीदारांना अर्ज भरायला आवडत असे. त्यांनी ‘कार्यक्रमाचे स्वरूप’ या रकान्यात ‘वाद्यवृंद’ लिहिलं. पुढच्या रकान्यात ‘वादकांची संख्या’ विचारली होती. खोटं कसं लिहायचं? त्यांनी लिहिलं, पंच्याऐंशी.

सेक्रेटरींनी चष्मा पुसला. “पंच्याऐंशी? तुमच्या दोन खोल्यांत?”

“ते फाईलमध्ये आहेत.”

“फाईलमध्ये असू देत, नाही तर आणखी कुठे. लिफ्ट सहा जणांची आहे. सहा सहा करून पंधरा फेऱ्या होतील. आणि वाद्यं? ती जिन्यानं नेणार का?”

“अहो, वादक प्रत्यक्ष येणार नाहीत. फक्त आवाज येणार.”

“मग अर्जात वादक शून्य लिहा.”

“शून्य कसं लिहू? वाजवलंय पंच्याऐंशी जणांनी!”

दोघेही आपापल्या जागी नियमाला धरून होते, त्यामुळे पाऊण तास कोणीच हलेना. शेवटी सेक्रेटरींनी अर्ज मंजूर केला आणि खबरदारी म्हणून फलकावर सूचना लावली, ‘रविवारी दुपारी चार वाजता तिसऱ्या मजल्यावर पंच्याऐंशी वादकांचा कार्यक्रम. लिफ्ट फक्त ज्येष्ठांसाठी.’

रविवारी सकाळी फाईल पूर्ण उतरली. मोजणीदारांनी मुद्दामच ती लावून पाहिली नाही. टिंग पहिल्यांदा सासऱ्यांनीच ऐकायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. खरं म्हणजे त्यांना भीती वाटत होती. तिथे टिंग नसेलच तर? मग खोटं बोलावं लागणार होतं, आणि त्याचा सराव ते तीन दिवस आरशासमोर करत होते. “वा! ऐकलं हं, बाबा!” प्रत्येक वेळी आरशातला माणूस नापास होत होता.

पावणेचारला ते सासऱ्यांना आणायला खाली गेले. तेवढ्यात वर सगळी इमारत लोटली. सूचना वाचून लोक आपापल्या खुर्च्या घेऊन आले होते. दार उघडलं की सोफा आडवा. दंतवैद्यांनी एक बाजू धरली, शिकवणीच्या बाईंनी दुसरी, आणि सोफा उचलून पूर्वीसारखा टीव्हीकडे तोंड करून ठेवला. मग लोकांनीही त्याच दिशेला तोंड करून खुर्च्या मांडल्या आणि वादक कुठून येणार याची वाट बघू लागले. मोजणीदार सासऱ्यांचा हात धरून वर आले तेव्हा एवढी गर्दी पाहून त्यांचं डोकंच चालेना. त्यांनी सासऱ्यांना सोफ्याच्या मधोमध बसवलं, शेजारी सासूबाईंना बसवलं आणि घाम पुसत यंत्राचं बटण दाबलं.

सासूबाई शेजारच्या बाईंना सांगत होत्या, “मी होते ना त्या कार्यक्रमाला, हिला घेऊन. चार वर्षांची होती. पण पोर इतकी गुणी, दोन तास हूं की चूं केलं नाही.” बायको मान ताठ करून उभी राहिली. ही गोष्ट तिला लहानपणापासून आवडायची.

आणि संगीत सुरू झालं. सुरू झालं ते सगळ्यांच्या मानगुटीवर. पंच्याऐंशी वादक पाठीमागून कोसळले. दंतवैद्य दचकून खुर्चीतून उठले. समोरच्या, टीव्हीजवळच्या दोन स्पीकरमधून मात्र नुसती कुजबुज येत होती. कोणी खोकलं, कोणाची खुर्ची करकरली. मोजणीदारांच्या पायांखालची जमीन सरकली. सोफा उलटा होता! सगळी मोजणी पाण्यात! ते यंत्र बंद करायला धावले.

“थांबा!” सासरे ओरडले. कोणी त्यांना ओरडताना ऐकलं नव्हतं. “हात लावू नका, जावईबापू. असंच होतं.”

“काय असंच होतं?”

“नगारेवाल्यांच्या रांगेत जागा उरली नव्हती. मला कडेला, अगदी पुढे उभं केलं होतं. सगळा ताफा पाठीशी आणि समोर अंधारात माणसं.” सासऱ्यांनी डावा कान पुढे केला. “हे तुम्ही कसं जमवलंत?”

मोजणीदारांनी तोंड उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच खरं न बोलता मिटलं.

तिसरा भाग सुरू झाला. खोलीत कोणी हलेना. ज्यांना टिंग म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं तेही श्वास धरून बसले, कारण सासऱ्यांचं बोट हळूहळू वर जात होतं. “आता...” ते पुटपुटले. “आता...”

टिंग.

पाठीमागून, डावीकडून, स्वच्छ. तुताऱ्यांच्या वर, ढोलांच्या वर, एकटं. लहान होतं, पण होतं. मोजणीदारांच्या तोंडून “आलं!” निघून गेलं आणि आरशासमोरचा सगळा सराव फुकट गेला याचा त्यांना विलक्षण आनंद झाला.

त्या टिंगचा नाद विरतोय तोच समोरच्या स्पीकरमधून, सासऱ्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूनं, एक बारीक, खणखणीत आवाज आला.

“आई, ते बघ बाबा! बाबाऽऽ!”

आणि पाठोपाठ कोणा बाईचं घाबरंघुबरं “श्शूऽऽ!”

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. “अगंबाई,” त्या म्हणाल्या. “ते श्शू माझं आहे.”

अठ्ठेचाळीस वर्षांची ती गुणी पोर भिंतीला टेकली. ती हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. “म्हणे हूं की चूं केलं नाही!” एवढंच तिला म्हणता आलं.

सासरेही हसत होते. सोफा हलेपर्यंत हसत होते. मग चष्मा काढून म्हणाले, “आता सांगूनच टाकतो. एक नव्हतं. दोन टिंग होती.”

“दोन?” मोजणीदार म्हणाले.

“दुसरं चार मात्रांनी. पण हिनं हाक मारली आणि मी हात हलवला. ज्या हातात काडी होती, तोच. निर्देशकांनी माझ्याकडे असं पाहिलं की त्यानंतर मला कधी कोणी ट्रँगलला हात लावू दिला नाही.” ते सासूबाईंकडे वळले. “कोणाला कळू नये म्हणून ते स्वरलिपीचं पानसुद्धा मी घरी आणून ठेवलं. कपाटात आहे, कॅसेटच्या डबीखाली.”

“म्हणजे पंच्याऐंशीतलं एक पान कमी?” मोजणीदार हादरून म्हणाले. “आणि तुमच्या मोजणीत ते कधीच सापडलं नाही?”

“मोजत मीच होतो, जावईबापू.”

सासऱ्यांनी मुलीकडे हात केला. “एक काचेचा ग्लास आण. आणि चमचा. आणि जावईबापू, तेवढाच तुकडा परत लावा.”

तुकडा पुन्हा लागला. सासरे सोफ्यावरून उठून उभे राहिले, डाव्या हातात ग्लास, उजव्या हातात चमचा. तुताऱ्या चढल्या. टिंग झालं. मुलीनं दोन्ही हातांनी आपलं तोंड घट्ट दाबून धरलं, पण स्पीकरमधली चार वर्षांची मुलगी थोडीच ऐकणार. “आई, ते बघ बाबा! बाबाऽऽ!” या वेळी सासऱ्यांनी हात हलवला नाही. ओठांनी मात्रा मोजल्या, एक, दोन, तीन, चार, आणि चमचा ग्लासवर अलगद टेकवला.

टिंग.

सिंफनी पुढे निघून गेली. सगळी इमारत टाळ्या वाजवत उठली. सेक्रेटरी दारातून ओरडले की शहाऐंशीवा वादक अर्जात नव्हता, पण त्यांच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. सासरे मात्र ग्लास तसाच धरून एकाच माणसाकडे बघत होते. बावीस वर्षांपूर्वी पाहिलं होतं, तसंच.

“ऐकलंत?” त्यांनी विचारलं.

मोजणीदारांनी घसा खाकरला. कचेरीतला निकाल देताना ते जसे ताठ उभे राहत, तसे उभे राहिले.

“ऐकलं,” ते म्हणाले. “मोजून दोन भरली.”